पानसंख्येचे फंक्शन आणि त्याच्या टेस्ट

एकूण नोंदी किती आणि एका पानावर किती दाखवायच्या, हे दोन आकडे दिले की पाने किती होतील ते सांगणारे एक फंक्शन मी काही वर्षांपूर्वी लिहिले होते. भागाकार करायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा, एवढेच त्याचे काम. सोबत मी एक युनिट टेस्टही (फंक्शनला ठरलेले इनपुट देऊन उत्तर तपासणारा छोटा कोड) लिहिली होती आणि ती लिहिल्याचे समाधानही मला होते: नोंदी ४५, पानावर १०, उत्तर ५. टेस्ट पास झाली, कोड पुढे गेला आणि बरेच दिवस कोणाची तक्रार आली नाही. मग एके दिवशी कोणाच्या तरी यादीत नेमक्या ४० नोंदी भरल्या आणि त्या यादीला पाचवे, पूर्ण कोरे पान फुटले.

चूक दुरुस्त करायला एक मिनिट पुरले. मला खटकत राहिली ती दुसरीच गोष्ट. त्या फंक्शनला टेस्ट होती, ती दर वेळी पास होत होती आणि कव्हरेजच्या अहवालात फंक्शनची प्रत्येक ओळ हिरवी दिसत होती. शंभर टक्के कव्हरेजचा अर्थ इतकाच की टेस्ट चालू असताना त्या ओळी एकदा तरी चालल्या. त्यांतून आलेले उत्तर कोणी नीट पारखले का, याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. माझ्या टेस्टने उत्तर पारखले होते, पण अशा इनपुटवर, जिथे बरोबर फंक्शन आणि चुकीचे फंक्शन दोघेही ५ हेच उत्तर देतात.

तेव्हापासून लहान फंक्शनसाठी टेस्ट लिहायला बसलो की मी आधी ते फंक्शन कोणकोणत्या प्रकारे चुकू शकते याचा विचार करतो. पानसंख्येच्या बाबतीत तीन चुका सहज सुचतात: अपूर्णांक नुसता सोडून देणे, तो सोडून नेहमी एक मिळवणे, आणि वरच्या पूर्णांकाऐवजी जवळच्या पूर्णांकावर जाणे. पानावर १० नोंदी धरल्या तर ११ नोंदींचे उत्तर २ यायला हवे; पहिला आणि तिसरा प्रकार तिथे १ सांगतात आणि पकडले जातात. १० नोंदींचे उत्तर १ यायला हवे. दुसरा प्रकार तिथे २ सांगतो आणि तोही सापडतो. म्हणजे जिथे उत्तर बदलते त्या सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोनच आकडे तिन्ही चुकांना पुरतात, आणि ४५, ७३, १२८ असे सीमेपासून दूरचे कितीही आकडे जोडले तरी दुसरी चूक मात्र निसटून जाते. टेस्टची संख्या वाढवण्यापेक्षा इनपुट निवडण्यात घातलेला वेळ अधिक कामी येतो, हे मला त्या कोऱ्या पानाने शिकवले.

शून्य नोंदींचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. यादी रिकामी असेल तर पाने शून्य की एक? गणित शून्य म्हणते. पण ‘एकूण १ पैकी पान १’ असा मजकूर दाखवणाऱ्या स्क्रीनला एक हवे असते. इथे बरोबर उत्तर आधीपासून कुठे लिहून ठेवलेले नसते, ते ठरवावे लागते, आणि टेस्ट लिहायला बसेपर्यंत ते ठरवायचे राहून गेले आहे हे बहुधा कोणाच्या ध्यानातही आलेले नसते. पानाचा आकार शून्य किंवा ऋण आला तर काय करायचे, हाही तसाच निर्णय. मी एरर द्यायचे ठरवले. अशी टेस्ट लिहिताना एक जुना सापळा असतो: फंक्शन ट्राय ब्लॉकमध्ये (एरर आली तरी प्रोग्राम थांबू न देणाऱ्या भागात) चालवायचे, एरर आली तर ती पकडणाऱ्या कॅच भागात तिचा प्रकार तपासायचा, आणि एरर आलीच नाही तर काय हे लिहायचेच विसरायचे. अशी टेस्ट फंक्शनने निमूटपणे कचरा उत्तर परत केले तरी पास होते. बहुतेक टेस्ट फ्रेमवर्कमध्ये ‘अमुक एरर यायलाच हवी’ असे सांगण्याची स्वतंत्र सोय असते, तीच वापरावी.

अपेक्षित उत्तर कुठून आणायचे, हाही मुद्दा वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर काढण्यासाठी फंक्शनमधलेच सूत्र पुन्हा लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि स्वतःही तसे लिहिले आहे. सूत्र चुकीचे असेल तर दोन्हीकडे एकच चूक होते आणि दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. फंक्शन चालवून पाहायचे, जे उत्तर आले ते उचलून टेस्टमध्ये चिकटवायचे, हा त्याचाच आणखी आळशी प्रकार. जुन्या, कोणालाच नीट न समजणाऱ्या कोडला हात लावण्यापूर्वी त्याचे आजचे वर्तन टिपून ठेवण्यासाठी ही पद्धत कामाची आहे, परंतु ते वर्तन बरोबर आहे की नाही याचा त्यातून काडीचाही पुरावा मिळत नाही. लहान फंक्शनचे अपेक्षित उत्तर कागदावर, बोटांवर किंवा व्याख्येवरून काढावे आणि टेस्टमध्ये साधा आकडा म्हणून लिहावे.

लहान फंक्शनमधली चूक किती महागात पडू शकते याचे माझे आवडते उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या झून या संगीतवादकाचे आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याचे ३० जीबीचे पहिल्या पिढीतले मॉडेल जगभर एकाच दिवशी ठप्प झाले. कारण होते १९८० पासूनच्या दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारा, जेमतेम दहा-पंधरा ओळींचा एक लूप, म्हणजे अट लागू असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा कोड. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत तो लूप चालत राही. वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करी, आणि लीप असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त असल्यास ३६६ वजा करी. लीप वर्षात दिवस नेमके ३६६ उरले तर? ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप थांबत नाही. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून काही वजाही होत नाही. लूप जागच्या जागी अखंड फिरत राहिला, आणि बॅटरी उतरून तारीख बदलेपर्यंत ते यंत्र शुद्धीवर आले नाही.

या प्रसंगातून ‘लीप वर्षांची काळजी घ्या’ एवढेच शिकायचे असते तर मी तो सांगितला नसता. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षवेधी वाटते. २००८ ची वाट पाहण्याची काहीच गरज नव्हती, कारण १९८० हे सुरुवातीचे वर्ष स्वतःच लीप वर्ष आहे. फंक्शनला ३६६ हा एकच आकडा दिला असता तरी ते पहिल्याच फेरीत अडकले असते. ३६५ दिला तर १९८०, ३६६ दिला तरी १९८०, ३६७ दिला तर १९८१, अशा तीन टेस्ट पुरेशा होत्या, आणि त्या सुचण्यासाठी कोडमध्ये लिहिलेल्या ३६५ आणि ३६६ या आकड्यांकडे नुसते पाहिले तरी चालले असते. कोडमधली प्रत्येक तुलना स्वतःच सांगत असते की माझ्या अलीकडे, नेमके माझ्यावर आणि माझ्या पलीकडे काय होते ते तपासून बघा. जाता जाता एक व्यवहाराची बाब: अशी चूक असलेल्या फंक्शनची टेस्ट फेल होत नाही, ती लटकून बसते, म्हणून लूप असलेल्या फंक्शनच्या टेस्टना वेळेची मर्यादा घालून ठेवावी.

लीप वर्ष ओळखणाऱ्या फंक्शनच्या टेस्टमध्ये २०१६, २०२० आणि २०२४ अशी तीन वर्षे घेतलेली आढळतात. ती तीन दिसली तरी टेस्ट एकच आहे, कारण तिन्ही एकाच गटातली वर्षे आहेत. ‘चारने भाग जातो का’ एवढेच पाहणारे अर्धवट फंक्शन १९०१ पासून २०९९ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाला बरोबर उत्तर देते, त्यामुळे आजूबाजूची कितीही वर्षे घेतली तरी ते सापडणार नाही. ग्रेगोरियन नियमात चार गट आहेत (चारने भाग न जाणारी वर्षे, चारने जाणारी पण शंभरने न जाणारी, शंभरने जाणारी पण चारशेने न जाणारी, आणि चारशेने जाणारी) आणि प्रत्येकातून एक वर्ष पुरते: २०२३, २०२४, १९०० आणि २०००. यांतले १९०० लीप नाही आणि २००० आहे, आणि या जोडीतच फंक्शनची सगळी परीक्षा आहे.

आकडे निवडताना होणारी आणखी एक फसगत मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) काढणाऱ्या फंक्शनमध्ये दिसते. जावास्क्रिप्ट या भाषेत ॲरेला (यादीला) काही न सांगता सॉर्ट केले, म्हणजे क्रमाने लावले, तर घटकांची तुलना संख्या म्हणून न होता अक्षरमाला म्हणून होते. ३, १ आणि २ यांचा मध्यक २, ही टेस्ट आनंदाने पास होते, कारण एकअंकी संख्यांचा क्रम दोन्ही पद्धतींनी सारखाच लागतो. त्याऐवजी १०, ९ आणि १ द्या: ते १, १०, ९ अशा क्रमाने लागतात आणि ९ ऐवजी १० हे उत्तर येते. टेस्टसाठी आपल्याला सुचणारे आकडे लहान, धन आणि नीटनेटके असतात. मी आता मुद्दाम एक दोनअंकी, एक ऋण आणि एक पुनरावृत्त आकडा त्यात घालतो. त्याच सॉर्टची दुसरी खोड अशी की तो मूळ ॲरेच बदलतो. मध्यक विचारणाऱ्याला आपली यादी परत मिळेल तेव्हा उलटीपालटी झालेली असेल अशी कल्पनाही नसते. म्हणून यादी घेणाऱ्या फंक्शनच्या टेस्टमध्ये, काम झाल्यावर मूळ यादी जशीच्या तशी आहे का, ही एक ओळ मी नेहमी लिहितो.

अपूर्णांकांबद्दल थोडक्यात सांगतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते, तेव्हा तिथे तंतोतंत बरोबरी तपासू नये. किती फरक चालेल ते सांगावे, पण तो फरक इतका सैलही ठेवू नये की खरी चूक त्यातून पसार होईल. आणि पूर्णांकात आणण्याचे नियम भाषेगणिक बदलतात हे लक्षात ठेवावे: पायथनचे राउंड २.५ ला २ करते आणि ३.५ ला ४, तर जावास्क्रिप्टमध्ये २.५ चे ३ होतात आणि उणे २.५ चे उणे २. आपल्याला कोणता नियम हवा आहे हे नेमक्या अर्ध्यावरच्या आकड्याने, धन आणि ऋण दोन्ही बाजूंनी, टेस्टमध्ये नोंदवावे.

मजकूर आखूड करून शेवटी तीन टिंबे लावणारे फंक्शन वरवर पाहता क्षुल्लक आहे, पण निर्णयांची एवढी दाटी मी दुसऱ्या कुठल्या लहान फंक्शनमध्ये पाहिलेली नाही. मर्यादा १० असेल आणि मजकूर नेमका १० लांबीचा असेल तर तो तसाच राहायला हवा. ११ असेल तर टिंबे धरून १० करायचे की टिंबे सोडून? मर्यादाच २ असेल, म्हणजे टिंबांनाही जागा नसेल, तर काय? आणि मुळात लांबी म्हणजे काय? ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो; पायथन आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी ५ सांगतात, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी हे युनिकोडचे (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे) पाच स्वतंत्र संकेतांक आहेत; आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तो १५ बाइट घेतो. दोन संकेतांकांवर तोडला तर ‘रा’चा काना गळून ‘मर’ उरते, जे दुर्दैवाने स्वतःच एक अर्थपूर्ण शब्द आहे, त्यामुळे पाहणाऱ्यालाही संशय येत नाही. फक्त रोमन लिपीतल्या मजकुरावर तपासलेले असे फंक्शन मी तपासलेले मानत नाही. तीच गोष्ट मोठ्या-छोट्या लिपीची: जर्मन भाषेतल्या एस्त्सेट या अक्षराचे मोठ्या लिपीत दोन एस होतात, म्हणजे ‘लांबी बदलत नाही’ हे आपले गृहीतक तिथे कोसळते.

इथपर्यंत मी हाताने निवडलेल्या उदाहरणांबद्दल बोललो. काही फंक्शनना उदाहरणांपेक्षा नियम सांगणे अधिक सोयीचे पडते. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल या भाषेसाठी क्विकचेक हे साधन मांडले, तेव्हापासून ही पद्धत बहुतेक भाषांमध्ये पोहोचली आहे. पायथनमध्ये हायपोथिसिस ही लायब्ररी तेच काम करते. आपण नियम लिहायचा, इनपुट साधन स्वतः तयार करते, आणि नियम मोडणारे उदाहरण सापडले की ते शक्य तितके लहान करून समोर ठेवते. पानसंख्येचा नियम असा लिहिता येतो: पाने गुणिले पानाचा आकार हे नोंदींपेक्षा कमी नसावे, आणि एक पान कमी केले तर ते नोंदींपेक्षा कमी पडावे. या नियमात भागाकार कुठेच नाही हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे; फंक्शनमधले सूत्र टेस्टमध्ये न उतरवता पानसंख्येची पूर्ण व्याख्या त्यात आली आहे. एन्कोड करून डीकोड केले तर मूळ मजकूर परत यावा, जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारे फंक्शन दोनदा चालवले तरी एकदा चालवल्यासारखेच उत्तर यावे, हेही अशाच प्रकारचे नियम. मात्र नियम सुचत नसेल तर ओढूनताणून शोधू नये. ‘उत्तर शून्यापेक्षा कमी नाही’ असला मिळमिळीत नियम हजार इनपुटवर तपासला तरी हाती काही लागत नाही.

याच नियमाने मला आणखी एक चूक दाखवली, आणि ती दुरुस्त केलेल्या फंक्शनमधली होती. नोंदी अधिक आकार वजा एक, भागिले आकार, हे सूत्र सर्रास वापरले जाते आणि कागदावर ते निर्दोष आहे. परंतु ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नसते, आणि नोंदींचा आकडा त्या टोकाजवळ असेल तर ती बेरीज उलटून ऋण होते. जावाच्या मानक लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याच्या फंक्शनमध्ये) अशीच चूक होती: दोन टोकांची बेरीज करून निम्मी करताना ती बेरीज मावत नसे. ज्यांनी तो कोड लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती चूक जाहीरपणे मांडली, तोवर ती कित्येक वर्षे तिथे नांदत होती. माझ्या यादीत दोनशे कोटी नोंदी कधीच येणार नव्हत्या. तरीही मी सूत्र बदलले, कारण ते बदलायला लागणारा वेळ ‘येणार नाहीत’ हे सिद्ध करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी होता. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही; तिथे ही टेस्ट लिहिण्यात अर्थ नाही.

टेस्ट लिहून झाल्या की त्या खरोखर जाग्या आहेत का, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे, आणि त्याला मोजून पाच मिनिटे लागतात. फंक्शनमधले ‘पेक्षा कमी’ चे ‘पेक्षा कमी किंवा समान’ करा, अधिकाचे वजा करा, एखादी अट पुसून टाका, आणि दर बदलानंतर टेस्ट चालवा. एकही टेस्ट फेल झाली नाही तर त्या ओळीवर कोणाचाच पहारा नाही. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्येच त्याची मांडणी केली होती, आणि आज जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्यूटमट अशी साधने ते काम आपोआप करतात. लहान फंक्शनसाठी मी ते हातानेच करतो, कारण कोणता बदल करावा याचा विचार करतानाच राहून गेलेली सीमा ध्यानात येते.

जे फंक्शन आतल्या आत आजची तारीख विचारते, त्याची टेस्ट लिहिताना घड्याळाचा मॉक करण्याकडे, म्हणजे टेस्टपुरते खोटे घड्याळ बसवण्याकडे, कल असतो. त्यापेक्षा तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्यावी. माझी एक टेस्ट दिवसभर पास होई आणि मध्यरात्रीनंतरचे काही तास फेल होई. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होता आणि अपेक्षित तारीख मी स्थानिक वेळेवरून काढली होती. तारीख पॅरामीटर झाल्यावर मॉक गेला, टेस्टचा लहरीपणाही गेला, आणि २९ फेब्रुवारी किंवा ३१ डिसेंबर हवे तेव्हा देता येऊ लागले. केवळ दिलेल्या इनपुटवरून उत्तर काढणाऱ्या फंक्शनला मॉक लागत असेल, तर ते फंक्शन आपल्याला वाटते तेवढे लहान राहिलेले नाही, असे मी समजतो.

नाव आणि संदेश यांकडेही थोडे लक्ष द्यावे. ‘टेस्ट १’, ‘टेस्ट २’ अशी नावे फेल झाल्यावर काहीच सांगत नाहीत. ‘नोंदी पानाच्या आकाराच्या पटीत असताना जादा पान येत नाही’ हे नाव लांब आहे, पण ते वाचले की कोड न उघडताही काय बिघडले ते कळते. तुलनेचा निकाल खरा आहे एवढेच तपासले तर ‘अपेक्षित खरे, मिळाले खोटे’ असा निरर्थक संदेश येतो; बरोबरी तपासणारा ॲसर्ट (टेस्टमधली तपासणीची ओळ) वापरला तर ‘अपेक्षित ४, मिळाले ५’ असे दिसते आणि निम्मे निदान तिथेच होते. अनेक इनपुट एकाच लूपमध्ये न कोंबता पॅरामीटर असलेल्या (प्रत्येक इनपुटसाठी वेगळ्या चालणाऱ्या) टेस्ट लिहाव्यात, म्हणजे पहिले इनपुट फेल झाले तरी उरलेल्यांचे काय झाले ते समजते. आणि ज्या फंक्शनमध्ये लायब्ररीचे एक फंक्शन बोलावण्यापलीकडे काहीच नाही, त्याला टेस्ट लिहू नये. आपण त्या लायब्ररीची परीक्षा घेत बसतो.

पानसंख्येच्या त्या फाइलमध्ये आज ०, १, १० आणि ११ नोंदींच्या टेस्ट आहेत, आकार शून्य आणि ऋण असतानाच्या दोन आहेत, आणि वर सांगितलेला नियम आहे. ४० नोंदींची टेस्टही ठेवली आहे. १० ची टेस्ट तीच चूक पकडते, तरी प्रत्यक्ष घडलेला बग ज्या आकड्यावर घडला त्याच आकड्यासह टेस्टमध्ये राहावा असा माझा आग्रह असतो, कारण पुढे कोणी ते फंक्शन नव्याने लिहायला घेतले तर त्याला तो आकडा कुठून आला हे विचारावेसे वाटते. ४५ नोंदींची जुनी टेस्ट मात्र मी काढून टाकली.